पेण, रोहे आणि पावसातला खेळाचा तास

पेणला जायचे तर श्रावणात जावे. एरवी हे भोगावती नदीकाठचे, मुंबई-गोवा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव; पण गणपतीच्या आधीच्या त्या तीन-चार आठवड्यांत तिथे ओटीवर, माजघरात, मांडवात, जिथे म्हणून कोरडी जागा असेल तिथे गणपती बसलेले असतात. बिनरंगाचे पांढरे, अर्धे रंगलेले, सोंडेला नुसता गुलाबी हात मारलेले. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि ती जाणत्या हातानेच करायची. हमरापूर, जोहे या बाजूच्या गावांत तर घरागणिक कारखाना आहे. मूर्ती घासायचे, रंगाला बसायचे, दागिन्यांना खडे चिकटवायचे काम पुष्कळसे बायकाच करतात. नावाची पाटी मात्र बहुधा पुरुषाची असते, हे जाता जाता सांगते.

अशाच एका कारखान्यात मी उभी होते. बाहेर पाऊस असा, की समोरचे घर दिसू नये. आत एक बाई ओल्या फडक्याने गणपतीचे पोट गुळगुळीत करीत होती आणि कोपऱ्यात पोत्यांच्या थप्पीवर तिचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. सगळे शरीर निवांत, फक्त दोन अंगठे धावताहेत! मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "शाळेतनं आला की हेच. ओरडू तरी काय? बाहेर जा म्हणावं, तर बाहेर पाणी."

मैत्रिणींनो, पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी "मुलांना मोकळ्या हवेत खेळू द्या" म्हणावे आणि आपणही मान डोलवावी. पण रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. शाळेचे वर्ष सुरू होते तेही नेमके जूनमध्ये. म्हणजे निम्मे शैक्षणिक वर्ष मैदान नावाची गोष्ट कागदावरच. मैदानात गुडघाभर गवत, नाहीतर घोट्याएवढा चिखल. कबड्डीचे वेड असलेला हा मुलूख! पेण-अलिबागच्या गावागावांत मंडळांचे संघ आहेत, रात्री दिवे लावून सामने होतात, पण तेही पाऊस सरल्यावर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली १४६ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. अकरा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलांमागे एक्याऐंशी मुलांची एवढी हालचाल होत नाही, असे तिच्यात निघाले. मुलग्यांत अठ्ठ्याहत्तर, मुलींत पंच्याऐंशी. हा मुलींचा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेणहून मला रोह्याला जायचे होते, मावसबहिणीकडे. पोहे आणि पापड घेतले (पेणला उतरून ते न घेता परतणारी बाई मी अजून पाहिली नाही) आणि गाडीत बसले. दिव्याहून पनवेलमार्गे येणारी ही गाडी कासू, नागोठणे, निडी करीत तासाभरात रोह्याला पोचते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी पाहून निघावे. रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ साली, आणि पुढची कोकण रेल्वे सुरू होते ती इथूनच. खिडकीतून दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि इरली-प्लास्टिक पांघरून वाकलेल्या बायका. त्यांना रोजच्या तासाभराचा हिशेब कोणी विचारू नये! याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा भावे जन्मले. पुढे भूदानासाठी तेरा वर्षे देश पायी पालथा घातला त्यांनी. आता त्याच मुलखातली मुले कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही दादाची मोटरसायकल मागतात, अशी माझ्या शेजारी बसलेल्या एका गुरुजींची तक्रार. गुरुजी स्वतः दोन स्टेशनांपासून भजी खात होते, ते सोडा.

रोहे हे कुंडलिकेच्या काठचे टुमदार गाव. चिंतामणराव देशमुख इथलेच. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. ग्रामदैवत धावीरमहाराज; त्यांच्या पालखीला दसऱ्याच्या वेळी पोलीस सलामी देतात, ही ब्रिटिश अमदानीपासूनची चाल. शेजारी धाटावला औद्योगिक वसाहत आहे. बहिणीचे यजमान तिथे पाळीवर जातात. त्यांचे घर मात्र गावात नाही, कोलाडच्या दिशेला एका लहानशा वाडीत. मुले तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. सातवीपर्यंत शाळा, पट एकतीस, शिक्षक दोन.

बहीण या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे अशा समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. तुमच्या मुलांच्या शाळेत अशी समिती असेल तर जरूर विचारा, त्या निम्म्या बायका सह्या करण्यापुरत्या बोलावतात की बोलायलाही. आमच्या बहिणीला मात्र न बोलता येत नाही, हे तिच्या शाळेचे भाग्य म्हणा नाहीतर आणखी काही!

समितीपुढे प्रश्न होता तो असा. वाडीतला एक मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी शाळेसाठी थोडे पैसे जमवले. त्याची इच्छा, मुलांसाठी अंग हलवून खेळायचे व्हिडिओ गेम घ्यावेत. नमुना म्हणून स्वतःजवळचा जुना संच तो शाळेत ठेवूनही गेला. मुख्याध्यापकांचे मत, त्याच पैशांत व्हरांड्यापुढे पत्र्याची शेड घालावी. शनिवारी सभा. "ताई, तू नुसती बघ आणि सांग," बहीण म्हणाली. नुसती बघायला मला आवडतेच.

हा खेळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही तिथेच उमगले. आपल्या ओळखीच्या व्हिडिओ गेममध्ये मूल बसते आणि पडद्यावरचे चित्र पळते. यात पडद्यावरचे चित्र पळायला हवे असेल तर मुलाला पळावे लागते. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली नाचाचा खेळ काढला: पायाखाली बाण काढलेला पाट, पडद्यावर जो बाण येईल त्यावर तालात पाय द्यायचा. २००६ साली निन्टेंडोचा 'वी' आला. त्यात हातातली कांडी रॅकेटसारखी फिरवायची. (ही निन्टेंडो कंपनी १८८९ साली निघाली ती पत्ते करण्यासाठी, हे ऐकून मला मौज वाटली. बैठ्या खेळातून उभ्या खेळात यायला तिला शंभरावर वर्षे लागली!) २०१० साली मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणला, त्यात हातात काहीच नाही. टीव्हीपाशी ठेवलेला लांबट डबा डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे ठिपके खोलीभर टाकतो आणि त्यावरून आपले डोके, कोपरे, गुडघे कुठे आहेत ते ओळखतो. आपण उडी मारली की पडद्यावरची बाहुली उडी मारते. शाळेत होता तो हाच.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाच्या राज्याने तो नाचाचा खेळ सर्व सरकारी शाळांत नेण्याचे २००६ साली जाहीर केले होते, मुलांच्या लठ्ठपणाला कंटाळून. तेव्हा ही नुसती श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून चालायचे नाही. पण पुढच्या वर्षी इंग्लंडात लिव्हरपूलच्या संशोधकांनी मोजून पाहिले: बैठ्या गेमपेक्षा यात शक्ती जास्त खर्च होते हे खरे, पण खऱ्या टेनिसची किंवा मुष्टियुद्धाची सर नाही. आणि २०१२ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना हे खेळ घरी नेऊ दिले, कमरेला हालचाल मोजणारे यंत्र बांधले आणि तीन महिन्यांनी पाहिले, तर बैठे गेम दिलेली मुले आणि उभे गेम दिलेली मुले यांच्या एकूण हालचालीत फरकच नाही! घरी मूल दोन दिवस उड्या मारते, मग मनगट हलवून काम भागते हे त्याला कळते. आपल्यालाही केर काढताना कुठे वाकायचे नाही ते कळतेच की. शाळेत ठरलेल्या तासाला, शिक्षक समोर उभे असताना खेळवले तर मात्र उपयोग दिसतो, असेही काही अभ्यास सांगतात.

आता शुक्रवारचा तास. बाहेर धो धो. सहावी-सातवीच्या वर्गातले बाक भिंतीला लावलेले. पडद्यावर नदी, नदीत रबरी होडी आणि होडीत उभी दोन मुले. डावीकडे झुकले की होडी डावीकडे, उडी मारली की होडी उडते. मजा अशी, की या शाळेपासून फार लांब नाही अशा ठिकाणी कुंडलिकेत खरोखरच्या रबरी होड्या चालतात. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज करून झाले की कुंडलिकेत सोडतात, त्या लोंढ्यावर मुंबई-पुण्याची मंडळी पैसे भरून उड्या मारायला येतात. वाडीतले काही बापे तिथे होड्या हाकायला जातात. त्यांची मुले वर्गात टीव्हीतल्या नदीत होडी हाकत होती.

मुले खुशीत होती यात शंका नाही. पण मी घड्याळ पाहत होते. डब्याला एका वेळी दोघेच दिसतात, आणि त्या दोघांना सहा-आठ फूट मागे, मोकळ्या जागेत उभे राहावे लागते. चाळीस मिनिटांचा तास, एकतीस मुले, म्हणजे सोळा जोड्या. एकेकीच्या वाट्याला अडीच मिनिटे! बाकीची साडेसदतीस मिनिटे भिंतीला टेकून "आता माझा नंबर" म्हणत बसायचे. त्यात मध्ये एकदा वीज गेली ती दहा मिनिटांनी आली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत.

हे एवढेच असते तर प्रश्न सोपा होता. पण पाचवीतला एक मुलगा मी पाहिला. एक पाय जन्मतः बारीक. मैदानावर गडी वाटून घेताना तो शेवटी उरायचा आणि मग पंच व्हायचा, कायमचा पंच. पडद्यावरच्या होडीला झुकायला हात आणि कंबर पुरते. त्याने गुण मिळवले ते वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे. त्या डब्याला तो लंगडतो हे कळत नव्हते, किंवा कळले तरी हसू येत नव्हते.

आणि दुसरी माझी भाची. सातवीत आहे. मागच्या वर्षीपर्यंत कबड्डीत चढाई करायला हीच पुढे. यंदा मे महिन्यात ती मोठी झाली आणि जूनपासून मैदानात पाऊल नाही. विचारले तर "कंटाळा येतो." बहिणीला खरे कारण माहीत होते. कुंपणाशी मोठे मुलगे बघत उभे राहतात, चिखलाने ड्रेस भरतो, आणि ते चार दिवस म्हणजे तर धाकच. त्या बंद वर्गात, बघ्यांशिवाय, तीच पोर दोन्ही हात पसरून होडी वळवीत होती. कपाळावर घाम. दोन महिन्यांत तिला पहिल्यांदा धापा टाकताना पाहिले, असे बहीण म्हणाली. त्या शंभरातल्या पंच्याऐंशी मुली अशाच एकेक करून मैदानातून उठलेल्या असतात. त्यांना कोणी काढत नाही, आणि कोणी थांबवतही नाही.

संच तसा गुंडाळून ठेवला होता तेवढ्यात शाळेत भात शिजवणाऱ्या मावशी दाराशी आल्या. पदर खोचलेला, हातात ओगराळे. "झाला का खेळ? दोघं नाचतात नि तीस बघतात, ह्यो काय खेळ? आमच्या टायमाला टीवी नव्हता, म्हणून काय पावसात आम्ही बसून व्हतो?" असे म्हणून त्यांनी ओगराळे खाली ठेवले आणि सरळ बाईंचे, म्हणजे दुसऱ्या शिक्षिकेचे, हात धरून फुगडीच घातली! वर्गात जो आरडाओरडा झाला तो पत्र्यावरच्या पावसाला मागे सारणारा होता. मग बसफुगडी, झिम्मा, कोंबडा, पिंगा. मुलगे आधी लाजले, मग कोंबड्यात मुलींच्या पुढे जाऊ लागले आणि चार उड्यांत दोन्ही मांड्या धरून बसले. कोंबडा घालून पाहा म्हणजे कळेल! ज्याचा पाय बारीक तो टाळ्यांच्या झिम्म्यात होता. पण फुगडीत नव्हता, हेही मी पाहिले.

मला त्या वेळी एक वाटले. आपले श्रावणातले खेळ हे मुळी पावसाचेच खेळ आहेत. चार भिंतींच्या आत, नऊवारी नेसून, एका ओटीवर वीस जणींना एकाच वेळी घाम फुटेल असे ते रचलेले आहेत. मंगळागौर ठरावीक घरांतली म्हणा. पण गौरीच्या दिवसांत फुगडी आणि फेर कोकणात कुठल्या घरी होत नाहीत? यंत्र नाही, नंबर लावायचा नाही, वीज गेली तर अंधारातही चालते. आपण मात्र ते खेळ वर्षातून एकदा, हॉल घेऊन, एकसारख्या साड्या नेसून, मोबाइलवर चित्रण करण्यापुरते ठेवले आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायकांना एक सांगू? संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी मुलीबरोबर दहा बसफुगड्या घाला. खाली सतरंजी टाका, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर यायच्या नाहीत. गुडघे दुखत असतील तर नुसता झिम्मा.

शनिवारची सभा दोन तास चालली. मी कोपऱ्यात बसून चहा घेत होते. मुख्याध्यापकांनी अडीच मिनिटांचा हिशेब फळ्यावर मांडला. शिवाय किनेक्ट करणे कंपनीने २०१७ सालीच थांबवले आहे. बिघडला तर रोह्यात दुरुस्त कोण करणार? भिंतीवरचा टीव्ही शाळेत आहेच. त्यावर नाचाची, कवायतीची फीत लावली तर एकतीसच्या एकतीस मुले एकदम हलतात. मग डब्यावर पैसा कशाला? सगळ्यांच्या माना हलल्या.

बहीण उठली. "सर, हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली, "पण तुमच्या शेडखाली बघे उभे राहणार नाहीत का? शेड तीन बाजूंनी उघडी. माझी मुलगी तिथं येणार नाही. इथं आली. आणि तो पाचवीतला, तो शेडखाली पुन्हा पंचच." कोणीतरी म्हणाले, एका-दोघांसाठी पैसे घालायचे का? त्यावर ती म्हणाली, "एक-दोघंच कशी? सातवीत मुली सहा आहेत. त्यातल्या मैदानात किती जातात, सांगा." सांगितले कोणी नाही. शेवटी बाईंनी हजेरीचे पुस्तक उघडून पाहिल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "दोन."

मग ठरले ते असे: पैसे शेडला. एक बाजू छातीएवढ्या भिंतीने आणि वर जाळीने बंद करायची, कुंपणाकडची. जुना संच पुण्याच्या मुलाने दिवाळीपर्यंत शाळेतच ठेवावा. तो मधल्या सुट्टीत लावायचा आणि पहिला नंबर, जे मैदानात किंवा फुगडीत नाहीत त्यांचा. सातवीच्या मुलींना आठवड्यातून एक तास बाईंबरोबर, दार लावून. मोठ्या मुलग्यांशी कोण बोलणार यावर बराच वेळ गेला; शेवटी ते काम बहिणीच्या यजमानांवर आले, जे सभेला हजरच नव्हते!

सोमवारी मी निघाले तेव्हा कोलाडहून वेल्डर माप घ्यायला आला होता. तो म्हणाला, आठ फूट उंची पुष्कळ झाली. मावशी चुलीपासून उठून आल्या. आठ फुटांत दोरीवरच्या उड्या मारल्या तर दोरी पत्र्याला लागते, त्यांनी त्याला हात वर करून दाखवले, दहा फूट पाहिजे. वेल्डर म्हणाला, दहा फूट म्हणजे पाइप वाढतात, पैसे वाढतात. मुख्याध्यापक वहीत आकडे मांडायला बसले. मला गाडी गाठायची होती.